आनंद मेळाव्यातला नफा आणि जत्रेतला नफा

कार्तिकात वरसोलीच्या विठोबाची जत्रा भरली, की अलिबाग तालुक्यात जत्रांचा हंगाम सुरू होतो. मग आवासचा नागेश्वर, आणि मार्गशीर्षात दत्तजयंतीपासून चौल-भोवाळ्याच्या दत्ताची मोठी जत्रा. याच थंडीच्या दिवसांत आपल्या शाळांत बाल आनंद मेळावे होतात. मुलं भेळ, वडापाव, कोकम सरबत विकतात, पालक कौतुकाने खातात आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर नफा लिहिला जातो. माझं म्हणणं या फळ्यावरच्या नफ्याबद्दल आहे.

"खर्च ३०० रुपये, विक्री ७०० रुपये, नफा ४०० रुपये." वजाबाकी बरोबर आहे, पण हिशोब बरोबर नाही. तेल घरचं, गॅस घरचा, टेबल शाळेचं. बटाटे आईने पहाटे उठून उकडले. जागेचं भाडं नाही, आणि गिऱ्हाईक म्हणजे आपलेच बाबा आणि काका. या ४०० रुपयांत आईची पहाट कुठेच धरलेली नाही.

मेळाव्यापुरतं हे चालून जातं. पण हीच सवय घेऊन माणसं खऱ्या जत्रेत उतरतात. बचत गटातल्या दोघी-तिघी हौसेने स्टॉल लावतात, रात्री गल्ला भरलेला दिसतो, आणि "सुटले पैसे" असं वाटतं. खरंच सुटले का, हे सातवी-आठवीच्या वर्गात मांडून बघण्यासारखं गणित आहे.

समजा, दोघींनी पाच दिवस घावणे-चटणीचा स्टॉल लावला. प्लेट ५० रुपयांना, तिला सामान १८ रुपयांचं. तयारी ६०० प्लेटची, म्हणजे सामान १०,८०० रुपयांचं. जागाभाडं, वीज, टेम्पो, गॅस, कागदी प्लेटा मिळून ९,००० धरू. सगळ्या प्लेटा गेल्या तर विक्री ३०,०००, हातात १०,२००. छान! आता मजुरी. तयारीचा एक दिवस धरून सहा दिवस, दोघीजणी, रोज ५०० प्रमाणे ६,०००. उरले ४,२००. आणि शंभर प्लेटा गेल्याच नाहीत तर? विक्री २५,००० होते आणि ८०० रुपयांचा तोटा येतो. ओल्या नारळाची चटणी काही दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही.

हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. तुमच्या गावच्या जत्रेतले खरे आकडे मुलांनीच विचारून आणावेत. पाठ्यपुस्तकातला व्यापारी माल "विकतो" आणि उदाहरण संपतं. उरलेल्या मालाचं काय, हे तिथे क्वचितच विचारतात. जत्रेतल्या भजीवाल्याला मात्र रोज रात्री तोच प्रश्न असतो.

काय विकायचं हाही विचार आहेच. थंडीत रायगडची पोपटी सगळ्यांना हवी असते, पण मडकं लावायचं, भांबुर्ड्याचा पाला आणायचा, जाळ करायचा, आणि गर्दी समोर उभी असताना शिजेपर्यंत थांबायचं. शेतावर मजा आहे त्यात, स्टॉलवर ते जमवणं अवघड. शिवाय मार्गशीर्षात बऱ्याच घरी मांसाहार नसतो, तेव्हा अंडी-कोंबडी घालायची का, हे आधीच ठरवावं लागतं. त्यापेक्षा तव्यावरून थेट प्लेटमध्ये जाणारा पदार्थ बरा.

नियमही मुलांना कळू देत. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो. खाद्यपदार्थ विकायला अन्नसुरक्षा नोंदणी लागते. २०११ च्या नियमांनी १२ लाखांपर्यंत उलाढालीच्या लहान विक्रेत्यांसाठी ती वर्षाला १०० रुपयांत ठेवली होती. आपण मुलांना "हात धुवा" सांगतो, पण नोंदणीचा कागद दाखवत नाही.

काही पालक म्हणतील, मॅडम, लहान मुलांच्या आनंदात हे कशाला? पहिली-दुसरीला नकोच. त्यांनी सुटे पैसे मोजले, "काका, घ्या ना" असं धीटपणे म्हटलं, तरी पुष्कळ झालं. पण सहावी ते आठवीसाठी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधले दहा दप्तराविना दिवस आहेत. त्यातला एक दिवस मेळाव्याच्या हिशोबाला द्यावा. वहीत तीन रकाने जास्तीचे आखायचे: घरून आणलेल्या वस्तूंची किंमत, उरलेला माल, आणि कुणी किती तास काम केलं.

तिसरा रकाना भरायला मुलांना घरी विचारावं लागेल. बऱ्याच आया हसून म्हणतील, "माझं काय लिहितोस, मी घरचीच." तरी तास लिहून आणायला सांगा. त्याला दर काय लावायचा, ते वर्गात ठरवू.