पाण्याखालचा राखीव श्वास

रत्नागिरीहून एका वाचक भगिनीने विचारले आहे : मुलगा मस्कतला नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर दैमानियत बेटांकडे स्कूबा डायव्हिंगला जातो. आता स्वतःचे सामान घेतो म्हणतो. यादीत श्वासाचा रेग्युलेटर आहे आणि शिवाय ‘बॅकअप’ म्हणून दुसरा. तोंड एकच, मग दोन कशाला? हा खर्च वाचणार नाही का?

आपा, बाकी कशातही काटकसर करा, यात नको.

पाठीवरच्या सिलिंडरला आपल्याकडे सर्रास ऑक्सिजनची टाकी म्हणतात. खरे तर तिच्यात बहुधा आपली साधी हवाच असते, सुमारे २०० बार दाबाने भरलेली. रेग्युलेटर हा दाब दोन टप्प्यांत उतरवतो : पहिला भाग सिलिंडरच्या तोटीवर बसतो, दुसरा तोंडात. राखीव म्हणून घेतात तो बहुतेक वेळा हा तोंडातलाच आणखी एक भाग, वेगळ्या नळीवर. आणि तो मुख्यतः स्वतःसाठी नसतो, ज्याची हवा संपली त्या जोडीदारासाठी असतो.

नेहमीची पद्धत म्हणजे पिवळ्या रंगाचा ‘ऑक्टोपस’, छातीपाशी अडकवलेला. स्वस्त आणि सर्वांच्या ओळखीचा. पण क्लिपमधून सुटला की वाळूत घासत जातो, आणि नेमका वेळेला तोंडात वाळू येते. शिवाय घाबरलेला माणूस पिवळा रंग शोधत बसत नाही, समोरच्याच्या तोंडातलाच ओढतो. म्हणून आम्हाला दुसरी मांडणी अधिक पटते : तोंडातला रेग्युलेटर लांब नळीवर, तोच जोडीदाराला द्यायचा, आणि राखीव आपल्या हनुवटीखाली रबरी दोरीने गळ्यात. दिलेला चालू आहे याची खात्री असते, आपला हाताशी असतो. मात्र सोबतच्या मित्रांना ही पद्धत पाण्यात उतरण्यापूर्वी सांगितलीच पाहिजे. जॅकेटमध्ये हवा भरण्याच्या नळीलाच जोडलेला राखीवही मिळतो. एक नळी वाचते, पण ती आखूड असल्याने दोघांना वर येताना मान वळवणे अवघड जाते.

एक गोष्ट दुकानदार सांगेलच असे नाही. तोंडे दोन झाली तरी सिलिंडर एकच. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये ५० बार उरले म्हणजे सुमारे ६०० लिटर हवा. वर माणूस मिनिटाला २० लिटर घेतो असे धरले, तर २० मीटर खोलीवर तिप्पट, म्हणजे ६० लागतात. दोघांना १२०. तिथे पाच मिनिटांत खेळ आटोपतो, आणि घाबरल्यावर श्वास किती वाढतो ते वेगळेच. तेव्हा राखीव आहे म्हणून काटा न पाहणे चालणार नाही. शिवाय तोटीवरचा पहिला भाग बिघडला तर दोन्ही तोंडे एकदमच अडचणीत येतात. मुलगा खोल जाऊ लागला, किंवा जोडीदार दूर राहणारा असला, तर वेगळ्या रेग्युलेटरसह छोटा स्वतंत्र सिलिंडर घ्यावा.

जुना घेण्यास हरकत नाही, पण जाणकाराकडून सर्व्हिस करून घेतल्याशिवाय वापरू नये. दर वेळी दोन्ही तोंडे गोड्या पाण्याने धुवावीत, तोटीकडच्या भागाचे टोपण घट्ट लावूनच. आत पाणी गेले की गंज धरतो. आणि नवी मांडणी पहिल्यांदा समुद्रात नव्हे, तरणतलावात मित्राला देऊन-घेऊन पाहावी, डोळे मिटूनसुद्धा.