डीएनडी आपलं, सिम मात्र पोरीचं

परवा नेरे नाक्यावर चहा घेत होतो. ओळखीतली एक पोरगी भेटली. बारावी झालेली, पनवेलला एका ऑफिसात बसून प्लॉट विकायचे फोन करते. म्हणाली, "दादा, माझ्या नंबरवरून फोनच लागत नाही. पंधरा दिवस बंद म्हणे. ऑफिसवाले म्हणतात, सिम तुझ्या नावावर, आम्ही काय करणार?"

विषय नीट समजून घ्या मंडळी.

नको त्या फोनांचा वैताग मलाही आहे. विमानतळ आणि नैनाच्या नावाने 'सर, प्लॉट बघताय का' हे रोजचंच. त्यामुळे ट्रायचे नियम हवेतच. २००७ मध्ये 'डू नॉट कॉल'ची यादी आली, २०११ मध्ये नियम कडक झाले, नोंदणी केलेल्या टेलिमार्केटरला १४० ने सुरू होणारा नंबर मिळाला. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनुसार तर बिगरनोंदणी नंबरावर दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की कारवाई. पहिल्यांदा आउटगोइंग १५ दिवस बंद, पुन्हा सापडलात तर सगळी कनेक्शनं वर्षभर बंद.

धंदेवाले ओरडतात, नियमांनी पोरांच्या नोकऱ्या जातात. अर्धंच खरं आहे. नोंदणी करा, १४० चा नंबर घ्या, ज्यांची हरकत नाही त्यांनाच फोन करा, कोण अडवतंय? पण त्याला खर्च येतो. मग सोपा उपाय काय, तर कामाला येणाऱ्या पोरीलाच सांगायचं, स्वतःचं सिम वापर, रिचार्ज आम्ही मारतो. नेमणूकपत्र नाही, पीएफ नाही. विक्री झाली की कमिशन मालकाचं, तक्रार झाली की नंबर पोरीचा.

आणि तो नंबर म्हणजे नुसता फोन नाही. बँक, आधार, गॅस, कॉलेजचा फॉर्म, सगळ्याचा ओटीपी त्यावरच येतो. वर्षभर तो बंद पडला तर पोरीने करायचं काय?

कोणी म्हणेल, तिने असलं काम करायचंच कशाला? शेतं गेली, प्लॉट पडले, आता तेच प्लॉट फोनवर विकायचं काम गावच्या पोरांना मिळतंय. दुसरं काम दाखवा, मग बोला.

म्हणून तीन गोष्टी.

पोरांनो, स्वतःच्या सिमवरून कंपनीचा एकही फोन करू नका. कंपनीचा नंबर आणि नेमणूकपत्र आधी मागा.

आपण १९०९ वर तक्रार करताना नंबरासोबत कुठला प्रकल्प विकत होते तेही लिहा. फोनवर महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा.

आणि सरकारने, सिमच्या मालकावर थांबू नये. ज्याचा माल विकला जातोय त्याच्या दारात जावं.

फोन करणारी पोरगी सापडते, कारण तिचं नाव सिमवर आहे. मालक सापडत नाही, कारण त्याला कोणी शोधतच नाही.

पटलं तर शेअर करा. असा अनुभव असेल तर इनबॉक्स करा, नाव छापणार नाही.