हायड्रोजन ट्रक भिगवणपर्यंत येणार का?

सोलापूर हायवेला भिगवणजवळ दहा मिनिटं उभे राहा आणि कंटेनर मोजा. सीझनमध्ये इंदापूर-बारामती पट्ट्यातली डाळिंबं, द्राक्षं याच रस्त्याने न्हावा शेवा बंदराकडे जातात. डिझेलवर. डिझेल वाढलं की भाडं वाढतं आणि त्याची झळ शेतकऱ्यालाही बसते. म्हणजे तुमच्यापैकी अनेकांच्या घरालाच.

यावर एक पर्याय तपासला जातोय. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने हायड्रोजनवरच्या ३७ बस-ट्रकची चाचणी मंजूर केली. १० मार्ग, ९ पंप, केंद्राची मदत सुमारे २०८ कोटी रुपये. त्यातला एक मार्ग पुणे-मुंबई. ३७ पैकी २२ गाड्या हायड्रोजन थेट इंजिनात जाळतात, तर १५ गाड्यांत फ्युएल सेल आहे. फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन वीज तयार होते, तिच्यावर मोटर फिरते. धूर नाही, फक्त वाफ.

मग अडतं कुठे? गणित करून बघा. पाण्यापासून १ किलो हायड्रोजन बनवायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. फ्युएल सेलमधून परत मिळते जेमतेम १६-१८ युनिट. तीच वीज थेट बॅटरीत भरली तर दुपटीहून जास्त कामाला येते. पण लांब पल्ल्याच्या ट्रकला बॅटरी जड पडते, चार्जिंगला वेळ लागतो. हायड्रोजनची टाकी काही मिनिटांत भरते. नाशवंत माल नेणाऱ्याला हा वेळ महत्त्वाचा.

आणि हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनवला, तर १ किलोमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड कारखान्यातच बाहेर पडतो. मग ट्रक स्वच्छ म्हणायचा कसा?

अमेरिकेत लॉस एंजेलिस बंदरावर असे १० ट्रक चालवून झालेत. ट्रक धावले; पण पुढे कॅलिफोर्नियात हायड्रोजन महागला, आणि असे ट्रक बनवणाऱ्या निकोला कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

म्हणून आपल्या चाचणीचे निकाल येतील तेव्हा ‘ट्रक धावला’ या हेडलाइनवर थांबू नका. तीन आकडे शोधा: भरलेल्या ट्रकला किलोमीटरमागे किती हायड्रोजन लागला, पंपावर किलोचा भाव काय होता, आणि तो कशापासून बनवला. हे जुळलं तरी इंदापूर ते पुणे हा टप्पा उरतोच. इथे पंप नसेल, तर आपलं डाळिंब पुण्यापर्यंत डिझेलवरच जाणार.