तंजावरचा भोसले-लेख आणि प्रदक्षिणेची वाट

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील १८०३ सालचा मराठी शिलालेख अभ्यासकांच्या हाती येतो तो बहुधा ‘भोसलेवंशचरित्र’ या छापील रूपात. सरफोजी राजे (दुसरे) यांच्या आज्ञेवरून चिटणीस बाबूराव यांनी रचलेला हा वंशवृत्तान्त बखरीच्या कुळातला. सबब त्यात इतिहास किती आणि दंतकथा किती, एवढीच चर्चा चालते. त्याच्या लांबीचे कौतुक पुष्कळ, वाचन थोडे. तो देवळाच्या भिंतीवर का कोरला गेला, या प्रश्नाचे उत्तर मात्र कागदावर मिळणार नाही. ते दर्शनाच्या रीतीत शोधले पाहिजे.

पहिल्या राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या या देवालयात दर्शनार्थी पूर्वेकडून, दोन गोपुरे ओलांडून येतो. समोर प्रचंड एकपाषाणी नंदी. प्रदोषाला त्याचा अभिषेक पाहण्यास गाव लोटते. मट्टुपोंगलला त्याला भाज्या-फळांनी मढवितात. तेथून देव उजवा घालून निघावे, की दक्षिणेस वाराही लागते; नैर्ऋत्येस गणपती, आणि त्याच बाजूला प्राकाराच्या भिंतीवर मराठी लेख. उत्तरेस चंडिकेश्वर. त्याच्यापुढे हलकी टाळी वाजवावयाची: शिवाचे काही घेऊन जात नाही, ही ग्वाही.

या टाळीला अर्थ आहे. चंडिकेश्वर हा देवाच्या मालमत्तेचा राखणदार, आणि चोळांच्या लेखांत देवळाचे कर्जव्यवहारही त्याच्याच नावे चालत. मुख्य विमानाच्या अधिष्ठानावरील तमिळ लेख ही अशीच जमाखर्चाची वही आहे. राजाने काय दिले, त्याची बहीण कुंदवै हिने काय दिले, चारशे नर्तकी कोणत्या गावांहून आल्या, कोणत्या गल्लीत कोणते घर कोणाचे, सारे तीत नोंदलेले आहे. ज्या नोंदीला देवाची साक्ष हवी, ती प्रदक्षिणेच्या वाटेवर कोरावी, हा या मंदिराचा जुना शिरस्ता.

सरफोजींनी त्याच शिरस्त्याचा आधार घेतला. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला होता. किल्ला आणि लगतचा थोडा मुलूख तेवढा राजाकडे उरला. चारच वर्षांनी हा लेख कोरला गेला. राजराज दाने मोजतो, सरफोजी पूर्वज मोजतो. हा भेद दोन स्वभावांचा नव्हे, दोन परिस्थितींचा आहे. आणि या गद्याचा भारदस्त, किंचित अतिरेकी सूर त्यावाचून कळत नाही.

५ फेब्रुवारी २०२० रोजी, तेवीस वर्षांनी, येथे कुंभाभिषेक झाला. तो तमिळमध्ये की संस्कृतमध्ये, हा वाद मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठापुढे गेला आणि दोन्ही भाषांना स्थान मिळाले. मराठीचा दावा कोणी केला नाही, ते उचितच झाले. मराठी येथे पूजेची भाषा नव्हती, नोंदीची होती. मात्र या लेखाकडे परप्रांतातील आपली विजयखूण म्हणून पाहणारे मराठी लेखन त्या तमिळ शेजाराकडे पाठ फिरविते, आणि तमिळ लेखांचा अभ्यास बहुधा चोळांपाशीच थांबतो. भोसले-लेखाची पुढची संपादित आवृत्ती निघेल तेव्हा ती तमिळ आणि मराठी दोन्ही जाणणाऱ्या अभ्यासकांनी मिळून करावी. तीत भिंतींचा नकाशा असावा, आणि दर्शनार्थी ज्या क्रमाने चालतो त्या क्रमाने दोन्ही भाषांतील लेख द्यावेत.