मान खाली घातली तर दिसणार कोण?



नव्या डेव्हलपरने मान खाली घालून कोड लिहावा, कौतुक आपसूक होते, हे मागील अंकातील पत्रलेखकांचे मत ऐकायला बरे वाटते. पुण्यातील हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत मात्र फ्रेशरचे काम क्लायंटपर्यंत पोहोचते ते बहुधा टीम लीडच्या ईमेलमधून. अप्रेझलच्या वेळी मॅनेजरला आठवतात फार तर शेवटचे दोन महिने!

कॅनडातील प्रोग्रामर ज्युलिया इव्हान्स यांनी २०१९ मध्ये यावर साधा उपाय मांडला: केलेल्या कामाची नोंद वर्षभर स्वतःच ठेवायची. कोणता बग सोडवला, कुणाची अडचण दूर केली, परिणाम काय झाला. याला फुशारकी म्हणणाऱ्यांनी मॅनेजरच्या स्मरणशक्तीची हमी द्यावी.

दुसरा मुद्दा पत्रात आलेलाच नाही. नव्यांना शिकवणे, डॉक्युमेंटेशन, दोन टीमचा मेळ घालणे ही कामे प्रकल्प तारतात. पण सुरुवातीच्या वर्षांत त्यांतच अडकलेल्याला ‘तांत्रिक बाजू कच्ची’ असा शेरा मिळू शकतो, असा इशारा सॉफ्टवेअर अभियंता तान्या रायली यांनी ‘बीइंग ग्लू’ या व्याख्यानात दिला. ही कामे अनेकदा मुलींच्याच गळ्यात पडतात.

अशा पडद्यामागच्या कामाचे श्रेय नोंदवताही येते: लिनक्स कर्नलमध्ये बग कळवणाऱ्याचे, चाचणी घेणाऱ्याचे आणि कोड तपासणाऱ्याचेही नाव ‘रिपोर्टेड-बाय’, ‘टेस्टेड-बाय’, ‘रिव्ह्यूड-बाय’ अशा ओळींत बदलासोबत नोंदवता येते. पत्रलेखकांच्या टीममध्ये रिलीजच्या ईमेलवर कुणाकुणाची नावे असतात, हे त्यांनी पुढच्या पत्रात जरूर कळवावे.

— एक वाचक, पुणे