दवाखाना हाही संघटनेचाच प्रश्न

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये स्वास्थ्य भवन आहे. पश्चिम बंगालच्या आरोग्य खात्याचा कारभार तेथून चालतो. सप्टेंबर 2024 मध्ये कनिष्ठ डॉक्टरांनी याच भवनासमोर ठाण मांडले. रुग्णालयात सुरक्षितपणे काम करता यावे, ही त्यांची मागणी रास्तच होती. परंतु रुग्णालयाची काळजी केवळ डॉक्टरांनी आणि सरकारनेच करावी काय? कामगार संघटनेचे त्यात काहीच काम नाही काय?

याचे उत्तर मुंबई-हावडा मार्गावरच सापडते. दुर्गहून एक शाखा दल्ली-राजहराला जाते. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या तेथील खाणींत 1977 साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली कंत्राटी मजुरांचा छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. त्याच वर्षी जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात 11 जणांचा बळी गेला. पुढे संघाच्या उपाध्यक्षा कुसुमबाई बाळंतपणात वेळेवर उपचार न मिळाल्याने दगावल्या. मजुरांनी वर्गणी काढली, श्रमदान केले आणि 3 जून 1983 रोजी 15 खाटांचे शहीद हॉस्पिटल सुरू केले. कोलकात्यात शिकलेले तरुण डॉक्टर तेथे जाऊन राहिले. खाणमजूरच आरोग्य कार्यकर्ते झाले. अनावश्यक औषधे व इंजेक्शने टाळावीत, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी द्यावे, हे त्यांनी घरोघर सांगितले. हाच अनुभव 1995 साली बंगालमध्ये कामी आला. हावडा जिल्ह्यातील चेंगाइल येथे कनोरिया ज्यूट मिलच्या कामगार लढ्यातून श्रमिक-कृषक मैत्री स्वास्थ्य केंद्र निघाले.

आपल्याला रेल्वेची रुग्णालये आहेत, टपाल कर्मचाऱ्यांना केंद्र सरकारची आरोग्य योजना आहे. पण त्याच फलाटावर झाडू मारणाऱ्या कंत्राटी कामगाराला रेल्वेच्या दवाखान्याचे कार्ड नाही. खेड्यात टपाल वाटणाऱ्या ग्रामीण डाक सेवकाला ती केंद्रीय योजना लागू नाही. तो आजारी पडला की सावकाराचे दार गाठतो. त्याला वगळून आपण आपल्या सवलती फार काळ टिकवू शकणार नाही. खाजगीकरणाची कुऱ्हाड आधी एकट्या पडलेल्यावरच चालते.

म्हणून प्रत्येक शाखेने आरोग्य समिती नेमावी. दवाखान्यातील रिक्त जागा व औषधांचा तुटवडा यांची दरमहा नोंद ठेवावी. कंत्राटी कामगार व डाक सेवकांच्या उपचारांची मागणी आपल्या मागणीपत्रात पहिल्या पानावर घालावी. दल्ली-राजहराच्या मजुरांजवळ आपल्याइतके पगार नव्हते, तरी त्यांनी रुग्णालय उभारले. साथींनो, आपण निदान सुरुवात तरी करू या.