उसाच्या डबल ट्रॉल्या शहरातून: थांबवायचा अधिकार कुणाला?

गाळप हंगाम सुरू झाला की माजलगावच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. तेलगावचा साखर कारखाना जवळ आणि कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग ६१ इथूनच जातो.

धोका वेगापेक्षा अंधाराचा जास्त. बाहेर आलेल्या मोळ्या मागचा दिवा झाकतात. रिफ्लेक्टर नसेल, तर दुचाकीस्वाराला ट्रॉली दिसेपर्यंत ब्रेक दाबायला अंतरच उरत नाही. पंक्चर होऊन रस्त्यातच उभी असलेली ट्रॉली तर त्याहून वाईट.

यावर उपाय आहे का? आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ नुसार राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी सुरक्षेसाठी ठरावीक रस्त्यावर ठरावीक वाहनांना बंदी घालू शकतो. बंदी महिनाभरापुरती असेल तर राजपत्रही लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणजे शाळा सुटताना किंवा बाजाराच्या दिवशी ट्रॉल्या शहराबाहेर थांबवता येतात.

अडचण वेगळीच आहे. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं आणि वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. मग थांबणार कोण? त्यामुळे नुसता आदेश काढून भागत नाही. शहराबाहेर दिवे असलेली थांबायची जागाही लागते. आणि रिफ्लेक्टर तपासायला सगळ्यात सोपी जागा रस्ता नाहीच, कारखान्याचा वजनकाटा आहे. प्रत्येक ट्रॉली तिथे थांबतेच.